मोटार, सायकल आणि मधले दीड मीटर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यातील भांडणावर गेले काही आठवडे जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी सगळी वाचली. सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत, उलट दिशेने येतात, रात्री दिव्याविना फिरतात, अशी एका बाजूची तक्रार आहे; मोटारवाले कट मारून जातात, पाठीमागे हॉर्न वाजवत राहतात, मागे न बघता दार उघडतात, अशी दुसऱ्या बाजूची. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. मी आठवड्यातले चार दिवस सायकलने कामावर जातो आणि उरलेल्या दिवशी मोटार चालवतो, त्यामुळे दोन्ही बाजू मला अनुभवाने ठाऊक आहेत. मात्र जवळजवळ प्रत्येक पत्राचा शेवट ‘दोघांनीही समजुतीने घ्यावे’ या सल्ल्याने होतो, आणि तो मला पटत नाही. ऐकायला तो न्याय्य वाटतो, पण दोन्ही पक्षांच्या हाती सारखेच बळ आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. तसे ते नाही, आणि ही गोष्ट मान्य केल्याशिवाय या वादात आपण पुढे सरकणार नाही.

थोडा हिशेब मांडतो. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून सुमारे ९० किलो भरतात आणि त्यांचा वेग ताशी १८ किलोमीटरच्या आसपास असतो. मध्यम आकाराची मोटार १,२०० किलोची धरली आणि ती ताशी ५४ किलोमीटरने जात आहे असे मानले, तर तिचे वजन सायकलीच्या तेरा पटींहून अधिक आणि वेग तिप्पट होतो. गतिज ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या मात्र वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून या मोटारीजवळची ऊर्जा त्या सायकलीच्या १२० पट भरते. दोघांच्या हातून एकाच प्रकारची चूक झाली, म्हणजे दोघांचेही क्षणभर लक्ष नव्हते असे समजा, तरी त्या चुकीची किंमत कोण मोजणार हे या आकड्यानेच ठरवून टाकलेले असते. सायकलस्वाराची बेफिकिरी बहुतेक वेळा त्याच्याच हाडांवर बेतते, मोटारचालकाची बेफिकिरी दुसऱ्याच्या. म्हणून ज्याच्या हातात इजा करण्याची ताकद अधिक, त्याच्यावर जबाबदारीही अधिक, हे तत्त्व मला या संपूर्ण प्रश्नाचा पाया वाटते. ब्रिटनमध्ये २९ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित वाहतूक नियमावलीत हेच तत्त्व आता स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. त्यात अवजड वाहने आणि मोटारी यांच्यावर सर्वांत जास्त जबाबदारी टाकली आहे, आणि सायकलस्वाराने पादचाऱ्याची काळजी घ्यावी हेही त्याच ओघात सांगितले आहे.

वेगाबद्दलही असाच एक साधा हिशेब आहे, जो वाहन परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असायला हवा असे मला मनापासून वाटते. समोर काही आले हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटार तेवढ्यात आठेक मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लावल्यावर आणखी पाचेक मीटरमध्ये, म्हणजे एकूण साधारण १३ मीटरमध्ये, पूर्ण थांबते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटार त्या पहिल्या एका सेकंदातच १४ मीटर पुढे गेलेली असते. याचा अर्थ असा, की पहिली मोटार जिथे थांबून उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नाही आणि तिचा वेग तसूभरही कमी झालेला नाही. दोन्ही चालक सारखेच दक्ष, दोघांचेही डोळे रस्त्यावर, तरी एकाच्या बाबतीत काहीच घडले नाही आणि दुसऱ्याच्या बाबतीत समोरचा माणूस गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेने, जिथे पादचारी, सायकली आणि मोटारी वारंवार एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी असा आग्रह धरला, त्यामागे हेच गणित आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालक किती जागा सोडतो, यावर या भांडणाचा मोठा भाग अवलंबून आहे असे माझे मत आहे. कधीच सायकल न चालवलेल्या माणसाला असे वाटते की आपण धक्का लावला नाही ना, मग झाले. सायकलच्या आसनावरून ही गोष्ट कशी दिसते हे सविस्तर सांगतो. सायकल सरळ रेषेत चालते असे लांबून वाटते, पण प्रत्यक्षात ती सारखी एका बाजूला कलत असते आणि स्वार हँडल किंचित त्याच बाजूला वळवून तिला सावरत असतो. तिची वाट त्यामुळे अगदी बारीक नागमोडी असते. तिला उजवीकडे न्यायचे तर चाक आधी क्षणभर डावीकडे वळवावे लागते, मगच ती उजवीकडे झुकते. म्हणजे शेजारी एखादी वस्तू अगदी चिकटून आली, तर तिच्यापासून लांब जाण्यासाठीही आधी तिच्याकडेच थोडे सरकावे लागते आणि तेवढी जागाच नसते. त्यात समोर खड्डा येतो, गटाराची जाळी येते, वाळू सांडलेली असते, बाजूने वाऱ्याचा झोत येतो. उंच आणि लांब अवजड वाहन वेगाने शेजारून गेले की त्याच्या पुढच्या भागाने ढकललेली हवा स्वाराला आधी बाहेर लोटते, आणि ते पुढे सरकत असताना मागची पोकळी त्याला आत ओढते. या सगळ्यासाठी जी मोकळी जागा लागते ती दीड मीटर आहे. हा आकडा सायकलप्रेमींच्या हट्टातून आलेला नाही. स्पेनमध्ये हेच अंतर बंधनकारक आहे, फ्रान्समध्ये वस्तीत एक मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर सोडावे लागते, जर्मनीने २०२० साली वस्तीत दीड आणि वस्तीबाहेर दोन मीटर असा नियम केला, आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सप्टेंबर २०१४ पासून किमान तीन फुटांचा कायदा आहे, जो माझ्या मते अपुरा आहे.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट इथे सांगणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका अरुंद रस्त्यावर मी मोटार चालवत असताना पुढे एक वयस्कर गृहस्थ सायकलवर होते आणि समोरून वाहने येत होती. मी थांबायला हवे होते. पण जागा पुरेल असे वाटून मी त्यांच्या शेजारून गाडी काढली, आणि मला काहीही जाणवले नाही. ना आवाज, ना हिसका. पुढच्या सिग्नलला मी उभा असताना ते हळूहळू माझ्या खिडकीपाशी आले, एक पाय जमिनीवर टेकवला आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, तुमचा आरसा माझ्या कोपराला लागला.” मी खाली उतरून त्यांची माफी मागितली, त्यांनी ती दिलीही, पण त्यांचा हात थरथरत होता तो मला आजही दिसतो. मी जे मिळवायला घाई केली होती ते म्हणजे तोच सिग्नल, जिथे ते मला अर्ध्या मिनिटात गाठू शकले. त्यानंतर मी एकदा शांतपणे हिशेब केला. ताशी १८ किलोमीटरने चाललेल्या सायकलमागे मी शंभर मीटर राहिलो असतो तर मला २० सेकंद लागले असते. ताशी ४५ ने तेच अंतर मी ८ सेकंदांत कापतो. म्हणजे त्या गृहस्थांचे कोपर मी १२ सेकंदांसाठी पणाला लावले होते.

‘कडेकडेने का चालवत नाही’ हा प्रश्न आपल्या सदरातील एका पत्रात होता, आणि तो प्रामाणिकपणे विचारलेला वाटला म्हणून त्याचे उत्तरही नीट देतो. रस्त्याची अगदी कड हीच बहुधा सर्वांत खराब जागा असते. डांबर तिथेच तुटते, खडी आणि काचा तिथेच जमा होतात, पाणी तिथेच साचते. जिथे कडेला मोटारी उभ्या असतात तिथे त्यांचे दार उघडले की सुमारे एक मीटर जागा क्षणात नाहीशी होते, म्हणून जाणता सायकलस्वार त्या दारांच्या टप्प्याबाहेरून चालतो. मागच्या चालकाला तो विनाकारण मधे आलेला दिसतो. वास्तविक तो त्या रस्त्यावरच्या सुरक्षित पट्ट्यात असतो. अरुंद जागी तो मुद्दाम मार्गिकेच्या मध्यावर येतो, यामागेही उद्धटपणा नसतो. तो कडेला राहिला तर मागचा चालक ‘निघेल बहुधा’ असे समजून गाडी घुसवतो, मध्यावर आला तर निघणार नाही हे चालकाला स्पष्ट कळते. वर उल्लेख केलेली ब्रिटिश नियमावली शांत रस्त्यांवर, संथ वाहतुकीत आणि अरुंद जागी सायकलस्वाराला असेच मध्यावर चालण्याचा सल्ला देते, आणि दोघांनी शेजारी शेजारी चालण्यालाही मुभा देते. दाराच्या बाबतीत तीच नियमावली एक सोपी सवय सुचवते, जी नेदरलँड्समधील सवय म्हणून ओळखली जाते. दाराजवळच्या हाताऐवजी लांबच्या हाताने दार उघडायचे. तसे करताना खांदा आपोआप वळतो आणि मान मागे जाते, त्यामुळे येणारी सायकल दिसल्यावाचून राहत नाही. पैसा, पोलीस किंवा परवानगी यांपैकी काहीही न लागणारी ही गोष्ट आहे, आणि मी ती घरातल्या सर्वांना लावली आहे.

आता सायकलस्वारांच्या चुकांविषयी, आणि इथे मी आपल्याच माणसांना सांभाळून घेणार नाही. विरुद्ध दिशेने सायकल चालवणे हा मला सर्वांत मोठा अपराध वाटतो. एकाच दिशेने जाताना ५० च्या वेगाची मोटार १८ च्या सायकलकडे ३२ च्या वेगाने येते. समोरासमोर आल्यावर तोच आकडा ६८ होतो. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा चालक, जिकडून वाहने यायला हवीत तिकडेच पाहत असतो, आणि त्याने दुसरीकडे पाहिले नाही म्हणून त्याला पूर्ण दोष देता येत नाही. रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसणे याला तर कोणतीही सबब नाही. रस्त्यावरच्या दिव्यांखाली आपल्याला सगळे दिसते म्हणून आपणही सगळ्यांना दिसतो, ही समजूत जीव घेते. थांबलेल्या ट्रकच्या कडेच्या बाजूने पुढे घुसणे ही आणखी एक जीवघेणी सवय आहे. उंच बैठकीवरच्या चालकाला त्या बाजूचा, अगदी दाराखालचा पट्टा दिसतच नाही, आणि वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. तिथे सापडलेल्या सायकलस्वाराला ना पुढे जाता येते, ना मागे. ज्या देशांत वाहने डावीकडून चालतात तिथे हे डाव्या वळणावर घडते, जिथे उजवीकडून चालतात तिथे उजव्या. पदपथावर भरधाव सायकल चालवणाऱ्यांनी तर आपण तिथे मोटारचालकाच्या भूमिकेत आहोत हे ओळखावे, कारण पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाडायला ९० किलो पुरेसे होतात.

सिग्नल तोडण्याचेही मी समर्थन करत नाही. अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलस्वाराला ‘थांबा’ची पाटी असलेल्या चौकात पूर्ण न थांबता, वेग कमी करून आणि इतरांना आधी जाऊ देऊन, पुढे जाण्याची मुभा आहे, आणि ती देण्यामागे विचार आहे, पण तो तिथला कायदा आहे, जिथे तो नाही तिथे प्रत्येकाने स्वतःपुरता करून घ्यायचा नियम नाही. मात्र या संदर्भात एक अन्याय मला नोंदवायचा आहे. एका सायकलस्वाराने सिग्नल तोडला की ‘सायकलवाले असेच’ असे म्हटले जाते, आणि त्याची शिक्षा म्हणून पुढच्या चौकात भलत्याच सायकलस्वाराला कट मारला जातो. वेगमर्यादा ओलांडणाऱ्या मोटारी मात्र इतक्या सर्वत्र असतात की ते कुणाला नियम मोडणे वाटतच नाही. ज्याने आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही अशा माणसाच्या पाठीमागे मोटार चिकटवून हॉर्न वाजवला जातो, तेव्हा हॉर्न वाजवणारा नेमकी कुणाच्या चुकीची परतफेड करत असतो?

‘रस्त्याचा कर आम्ही भरतो’ हे वाक्यही वारंवार येते. रस्ते सर्वसाधारण करांतूनही बांधले जातात आणि ते कर सगळेच भरतात, हे एक. दुसरे असे, की अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर प्रत्यक्ष वाहने फिरवून जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून असे दिसले की रस्त्याची झीज धुरेवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. या हिशेबाने सायकलीमुळे होणारी झीज मोजण्याच्याही पलीकडे नगण्य ठरते. आणि रस्त्यावर आधी कोण होते असे विचारायचे झाले, तर कार्ल ड्राइस यांचे दोन चाकांचे वाहन १८१७ चे, कार्ल बेंझ यांच्या मोटारीचे पेटंट १८८६ चे. ज्या हवा भरलेल्या टायरवर आजची प्रत्येक मोटार धावते, तो टायर जॉन बॉयड डनलॉप यांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला होता. सायकल ही रस्त्यावर उपकार म्हणून थारा मिळालेली पाहुणी नाही.

नुसत्या उपदेशाने माणसे सुधारतात यावर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून रस्त्यांच्या रचनेबद्दलही लिहितो. नेदरलँड्स हा जन्मतःच सायकलस्वारांचा देश होता असा एक गैरसमज आहे. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाचीच चळवळ उभी राहिली, पालक रस्त्यावर बसले, १९७३ च्या तेलटंचाईने लोकांना मोटारीविना रविवार कसा असतो हे दाखवले, आणि पुढच्या दशकांत त्या देशाने रस्ते नव्याने आखले. तत्त्व सरळ होते. जिथे मोटारींचा वेग जास्त आहे तिथे सायकलचा मार्ग उंचवटा किंवा दुभाजक घालून वेगळा करायचा, आणि जिथे वेगळा करता येत नाही तिथे मोटारींचा वेग ३० वर आणायचा. नुसता रंगाचा पट्टा ओढून सायकलमार्ग झाला असे तिथे कुणी मानले नाही, कारण रंगाचा पट्टा कुणालाही अडवत नाही आणि तासाभरात त्यावर मोटारी उभ्या राहतात. त्याच्या जोडीला तिथल्या कायद्याने, सायकलस्वार किंवा पादचारी यांच्याशी टक्कर झाल्यास नुकसानभरपाईचा भार मुळात मोटारीच्या मालकावर ठेवला, आणि चौदा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तर जवळजवळ पूर्णपणे. ही फौजदारी शिक्षा नाही. धोका ज्याने रस्त्यावर आणला त्याच्या विम्याने तो सोसावा, इतकाच तिचा अर्थ आहे. ऑस्लोने मध्यवर्ती भागात मोटारींची जागा कमी केली आणि वेगमर्यादा खाली आणल्या. २०१९ या संपूर्ण वर्षात त्या शहरात एकही पादचारी वा सायकलस्वार वाहनाखाली मेला नाही. तिथली माणसे इतर ठिकाणच्या माणसांपेक्षा अधिक समजूतदार जन्मतात असे मला वाटत नाही.

हेल्मेटविषयी विचारले जाते म्हणून एवढेच सांगतो की मी ते घालतो आणि इतरांनीही घालावे असे मला वाटते. पण हेल्मेट पडल्यावर उपयोगी येते, मागून येणाऱ्या मोटारीला ते थांबवत नाही.

शेवटी एक विनंती थेट आपल्यालाच करायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ११.९ लाख माणसे रस्त्यांवर मरतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक पायी चालणारे, सायकलवरचे आणि मोटारसायकलवरचे असतात. वृत्तपत्रांत या मृत्यूंची बातमी दोन ओळींत येते आणि तिची भाषा बहुधा ठरलेली असते: ‘मोटारीला धडकून सायकलस्वाराचा मृत्यू’ किंवा ‘भरधाव मोटारीने सायकलस्वाराला उडवले’. पहिल्या वाक्यात मेलेल्या माणसानेच धडक दिल्यासारखे वाटते, दुसऱ्यात मोटार आपली आपण धावत असल्यासारखे; मोटार चालवणारा माणूस दोन्हींत नाही. सायकलस्वाराने हेल्मेट घातले होते की नाही हे त्या दोन ओळींतही सांगितले जाते, पण त्या रस्त्याची वेगमर्यादा किती होती, मोटार किती वेगाने चालली होती, सायकलसाठी तिथे वेगळी जागा होती का, त्याच वळणावर आधी कुणी दगावले होते का, यांतले काही सांगितले जात नाही. आपल्या वार्ताहरांनी यापुढे अशा प्रत्येक बातमीत ‘मोटारचालकाने धडक दिली’ असे जे घडले ते कर्त्यासह लिहावे, वरच्या प्रश्नांची उत्तरे पोलिसांकडे आणि रस्ते सांभाळणाऱ्या खात्याकडे मागावीत, आणि सहा महिन्यांनी त्या ठिकाणी परत जाऊन तिथे काय बदलले ते छापावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक